भुलीतून जागे होणारे मूल आणि त्याचे डोळे

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे लहानसे गाव आहे. (तिरुनेलवेली जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी, धरणाजवळ, याच नावाचे दुसरे गाव आहे, ते हे नव्हे.) कावेरीच्या फाट्यांनी भिजलेला हा भातशेतीचा मुलूख. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले तेव्हापासून येथे मराठ्यांची गादी होती. १७९९ नंतर प्रत्यक्ष कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तरी गादी १८५५ पर्यंत टिकली. तंजावर-कुंभकोणमच्या परिसरात घरी मराठी आणि दारी तमिळ बोलणारी कुटुंबे आजही आढळतात.

अशा एखाद्या कुटुंबातील चार वर्षांच्या मुलीची कल्पना करू. तिचा डावा डोळा जन्मापासून नाकाकडे वळलेला आहे. चष्मा देऊन झाला, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्यास कामास लावून झाले, आणि अखेर तिरळेपणाची शस्त्रक्रिया करावयाचे ठरले. मोठ्या शहरातील नेत्ररुग्णालयात तिला भूल देण्यात आली. तासाभरात काम आटोपले. नेत्रवैद्यांनी बाहेर येऊन सर्व ठीक झाल्याचे सांगितले. पाच-दहा मिनिटांनी आतून किंकाळी ऐकू आली. आई आत गेली तो मुलगी पलंगावर हातपाय झाडीत होती, डोळ्यावरील पट्टी ओढीत होती, हाताला लावलेली सलाईनची नळी उपटू पाहत होती. आईने जवळ घेतले तर तिने आईलाच ढकलून दिले. ती ‘आई, आई’ म्हणून ओरडत होती, पण समोर उभी असलेली आई तिला ओळखू येत नव्हती. वीस मिनिटांनी हे वादळ शमले व मुलगी झोपी गेली. तासाभराने उठली, पाणी मागितले, आणि घडलेल्या प्रकारातील काहीही तिला आठवत नव्हते.

ही मुलगी काल्पनिक आहे; पण जगातील कोणत्याही नेत्ररुग्णालयातील परिचारिकेस हे वर्णन वाचून दाखविले तर ती ते तत्काळ ओळखील. या अवस्थेस ‘शुद्धीवर येतानाचा संभ्रम’ असे नाव देता येईल. तो मुलाचा हट्ट नव्हे. केवळ वेदनेचे रडणेही नव्हे. तो आईबापांच्या लाडाचा परिणाम तर मुळीच नव्हे, जरी रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेले शेजारीपाजारी तसा निर्णय देऊन मोकळे होतात. हा संभ्रम बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत, क्वचित अर्ध्या-पाऊण तासात आपोआप ओसरतो. तरीही त्याची चिंता वाहिली पाहिजे. कारण ही शस्त्रक्रिया डोळ्यांची असते. मूल मुठीने डोळे चोळते, केसाहून बारीक टाक्यांवर ताण येतो, आक्रोशाने डोक्यातील रक्ताचा दाब वाढतो, ताज्या जखमेतून रक्त येऊ शकते. गुडघ्याच्या जखमेवर मुलाने हात मारला तर एखादा टाका तुटेल व पुन्हा घालता येईल; मोतीबिंदू काढलेल्या बालनेत्रावर तसाच हात बसला तर होणारे नुकसान कधी कधी कायमचे असते.

तंजावरास नेत्रशस्त्रक्रियेचा इतिहास जुना आहे. दुसरे सरफोजीराजे (१७७७-१८३२) हे विद्याव्यासंगी राजे म्हणून सर्वपरिचित आहेत. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख १८०३ साली त्यांनीच कोरविला. त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ या नावाची वैद्यकशाळा चालविली व तेथे देशी आणि युरोपीय अशा दोन्ही पद्धतींच्या वैद्यांना आश्रय दिला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळातील नेत्ररुग्णांची इंग्रजी टिपणे जपून ठेवलेली आहेत. व्याधीचा वृत्तान्त, केलेला उपचार, पुढे काय झाले, अशी ती शिस्तशीर टिपणे पाहून आजचे नेत्रवैद्यही विस्मित झाले आहेत. मोतीबिंदूने गढूळ झालेले भिंग सुईने बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे, आणि युरोपातही ती शतकानुशतके चालत आली होती. राजे स्वतः शस्त्रक्रियेची पेटी बरोबर बाळगीत, अशी परंपरा सांगितली जाते.

या टिपणांतील सर्व रुग्ण उपचाराच्या वेळी जागे होते, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. ईथरच्या भुलीचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेतील बॉस्टन शहरी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाले. सरफोजीराजांना जाऊन तेव्हा चौदा वर्षे लोटली होती. मद्य, अफू आणि रुग्णाला घट्ट धरून ठेवणारे बलदंड हात एवढीच साधने त्यापूर्वीच्या शस्त्रवैद्यापाशी होती.

पुढे मोठ्या माणसांच्या डोळ्यांचा मार्ग वेगळा झाला. १८८४ साली व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण वैद्याने कोकेनच्या द्रावणाचे थेंब घातले असता नेत्रगोलकाचा पृष्ठभाग बधिर होतो हे दाखविले, आणि पूर्ण भूल न देता डोळ्याची शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. मदुराईत १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाचा पुढे जो प्रचंड विस्तार झाला, तेथे मोतीबिंदूचे असंख्य प्रौढ रुग्ण केवळ डोळा बधिर करून बरे केले जातात. रुग्ण जागा असतो, वैद्याशी बोलतो, सांगितल्याप्रमाणे स्थिर राहतो. चार वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काम चालू असताना त्याने एकदा मान वळविली तरी अनर्थ होईल. म्हणून मुलांस पूर्ण भूल द्यावीच लागते, आणि भूल दिली म्हणजे तिच्यातून बाहेर येणेही ओघाने आले.

आपण सहज म्हणतो की, भूल म्हणजे गाढ झोप. ही उपमा सोयीची असली तरी फसवी आहे. झोपेतून उठणारा मनुष्य एका ठरलेल्या क्रमाने उठतो. मेंदूचे निरनिराळे भाग परस्परांशी जुळवून घेत जागे होतात. भुलीच्या औषधाने मेंदूचे व्यापार जबरदस्तीने थांबविलेले असतात, आणि औषध उतरू लागले की ते सर्वत्र एकाच वेगाने उतरते असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात आर्थर गेडेल या अमेरिकन वैद्याने ईथरच्या भुलीचे चार टप्पे आखून दिले. त्यांतील दुसरा टप्पा उत्तेजनाचा. विवेक हरपलेला, पण स्नायू व आवाज मोकळे, अशी ती अवस्था असते. आत जाताना रुग्ण या टप्प्यातून जातो, तसा बाहेर येतानाही त्यातूनच जातो. एखाद्या वाड्यात दिवे लागण्यापूर्वीच पहारेकरी जागा व्हावा आणि घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसे काहीसे त्या वेळी घडते.

या प्रकाराची मोठ्या प्रमाणावर मोजदाद प्रथम १९६१ साली एकेनहॉफ व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केली. चौदा हजारांहून अधिक रुग्णांचे निरीक्षण करून त्यांनी दाखविले की, हा क्षोभ मुलांत अधिक असतो, आणि गळ्यातील गाठी काढण्यासारख्या, मस्तक व मान यांवरील शस्त्रक्रियांनंतर विशेष दिसतो. त्यांनी असा तर्क मांडला की, घशाशी वा चेहऱ्याशी काही अडकल्याची, गुदमरल्याची जाणीव अर्धवट शुद्धीतील मनास भेडसावीत असावी.

डोळ्यांच्या बाबतीत याला जोड देणारा एक पुरावा वृद्धांकडून मिळाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळे कित्येक दिवस बांधून ठेवण्याची पूर्वी चाल होती. असे काही वृद्ध रुग्ण रात्री एकाएकी बरळू लागत, पट्ट्या फाडून टाकीत, पलंगावरून उतरून चालू लागत. ‘काळ्या पट्टीचा संभ्रम’ या नावाने हा विकार नेत्रवैद्यांस ठाऊक होता, आणि १९५८ साली बॉस्टनमधील वैद्यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. डोळ्यांवाटे येणारी खूण बंद झाली की, आपण कोठे आहोत हे मनास ठरविता येत नाही. वृद्धाचे मन थकलेले म्हणून ते घसरते. लहान मुलाचे मन अद्याप पुरते बांधले गेलेले नसते, आणि त्यात भुलीची भर पडलेली असते. त्याने डोळे उघडावेत आणि समोर अंधार असावा! तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर आता अनेक ठिकाणी पट्टी बांधीत नाहीत. परंतु डोळ्यांत घातलेल्या मलमामुळे सगळे धुरकट दिसतेच, आणि एकाची दोन चित्रे दिसण्याचाही काही काळ संभव असतो.

येथे आधुनिक भुलीतील एक विरोधाभास सांगितला पाहिजे. १९५६ साली हॅलोथेन हे औषध वापरात आले, आणि ईथरचा उग्र वास व त्यामुळे होणारी ओकारी यांतून मुलांची बरीच सुटका झाली. १९९० साली जपानात सेवोफ्लुरेन वापरात आले व दशकभरात ते जगभर पसरले. त्याचा वास मुलांना बोचत नाही, हृदयावर ते सौम्य आहे, आणि रक्तात अत्यल्प विरघळत असल्यामुळे ते झपाट्याने चढते व तितक्याच झपाट्याने उतरते. मुलांसाठी याहून सोयीचे औषध कोणते? पण सेवोफ्लुरेनचा प्रसार होताच शुद्धीवर येतानाचा हा संभ्रमही वाढलेला दिसून आला. निरनिराळ्या रुग्णालयांतील आकडे दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत विखुरलेले आहेत. याचे एक कारण असे की, कशास संभ्रम म्हणावे याविषयीच बराच काळ एकवाक्यता नव्हती. दोन ते पाच-सहा वर्षांची मुले सर्वांत अधिक सापडतात, हे मात्र जवळजवळ सर्वत्र सारखे आहे.

मग झपाट्याने जागे होणे हेच कारण मानावे काय? प्रथम तसेच वाटले. परंतु शिरेतून देण्याचे प्रोपोफॉल हे औषधही लवकर उतरते, आणि त्यानंतर मुले पुष्कळ शांतपणे जागी होतात. म्हणजे केवळ वेगाने सर्व उलगडा होत नाही. वेदना हे कारण म्हणावे, तर चुंबकीय प्रतिमा घेण्यासाठी, म्हणजे कोठेही सुई-कात्री न लावता, ज्यांना केवळ स्थिर राहण्याकरिता सेवोफ्लुरेनची भूल दिली होती, अशी मुलेही हातपाय झाडीत उठलेली आढळली आहेत. उलट वेदनेचा चांगला बंदोबस्त केला की संभ्रमाचे प्रमाण घटते, हेही तितकेच खरे. तेव्हा एकाच कारणाचा हट्ट सोडून असे म्हणणे सयुक्तिक होईल की, औषधाचा मेंदूवरील विशिष्ट परिणाम ही जमीन आहे. वेदना, भय, अंधार, परका आवाज ही त्यावर पडणारी बीजे आहेत. प्रतिबंधाचा सारा विचार याच दोन दिशांनी केला जातो.

औषधाची बाजू पूर्णतः भूलतज्ज्ञाच्या हातातील आहे. सेवोफ्लुरेनचा दीर्घ वापर टाळून शिरेतून प्रोपोफॉल देत राहणे, किंवा सेवोफ्लुरेनच वापरले तरी शस्त्रक्रिया संपता संपता प्रोपोफॉलची अल्प मात्रा देऊन उतार मंद करणे, हे दोन मार्ग बरेच रूढ आहेत. डेक्समेडेटोमिडीन हे दुसरे औषध. त्याने येणारी गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळची असते, श्वास फारसा मंदावत नाही, व वेदनाही काहीशी कमी होते. त्यास मोल द्यावे लागते ते असे की, नाडी मंद होते व मूल अधिक वेळ झोपून राहते. फेंटानिलसारखी अफूच्या वर्गातील औषधेही उपयोगी पडतात, पण त्यांनी ओकारी वाढते, आणि तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर मुळातच ओकारी फार. २०१४ साली दीडशेहून अधिक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ही तीनही औषधे उपयुक्त ठरली. शस्त्रक्रियेपूर्वी भीती घालविण्यासाठी सर्रास पाजले जाणारे मिडाझोलाम मात्र या एका बाबतीत फारसे उपयोगी दिसले नाही. ते मुलास आईपासून शांतपणे दूर नेण्यास मदत करते. परंतु तेवढ्याने ते शांतपणे जागे होईलच असे नाही.

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेची एक खोड अशी की, नेत्रगोलक हलविणारे स्नायू ओढले असता हृदयाची गती एकाएकी मंदावते. डोळ्याकडून निघालेला संदेश पाचव्या मस्तिष्क-मज्जातंतूने मेंदूकडे जातो आणि दहाव्या मज्जातंतूने हृदयाकडे परततो. १९०८ साली याचे वर्णन झाले आहे. म्हणून भूलतज्ज्ञाचा एक डोळा नेहमी नाडीच्या आलेखावर असतो, आणि नाडी मंद करणारे औषध वापरताना त्यास दुप्पट सावध राहावे लागते. एका रुग्णालयात नित्य वापरात असलेला उपाय दुसरीकडे का वापरीत नाहीत, असा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. उत्तर बहुधा अशाच एखाद्या बारकाव्यात असते.

वेदनेविषयी नियम साधा आहे: ती जागी होण्यापूर्वीच तिला अडवावे. मूल भुलीत असतानाच डोळ्याच्या आवरणाखाली बधिर करणाऱ्या औषधाची टोचणी किंवा डोळ्यात थेंब, जोडीला पॅरासिटामोल, आणि ओकारी थांबविणारी औषधे. मूल जागे होऊन रडू लागल्यावर वेदनाशामक शोधू लागणे म्हणजे पूर आल्यावर बांध घालावयास निघणे होय. कावेरीकाठच्या शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाजू औषधांच्या पलीकडची आहे, आणि या पुस्तिकेच्या वाचकांस तीच अधिक उपयोगी पडावी. शस्त्रक्रियेपूर्वी जे मूल फार भ्यालेले असते, ते शुद्धीवर येताना संभ्रमित होण्याचा संभवही अधिक असतो, हे अमेरिकेत येल विद्यापीठातील झीव केन व सहकारी यांनी दाखवून दिले. २००७ साली त्यांनी एक कुटुंबाधिष्ठित कार्यक्रम कसोटीस लावला. घरी पाहावयाची चित्रफीत, भूल देताना तोंडावर धरावयाचा मास्क घरी नेऊन खेळण्यासाठी देणे, लक्ष दुसरीकडे वेधण्याच्या युक्त्या, आणि आईबापांस शिक्षण, असा तो होता. या मुलांत भीती कमी दिसली, संभ्रम कमी दिसला, आणि वेदनाशामकही कमी लागले.

या कार्यक्रमातील एक सूचना आपल्या समजुतीच्या अगदी विरुद्ध आहे. ‘घाबरू नको हं, काही होणार नाही, मुळीच दुखणार नाही’ असे वारंवार बजावणे टाळावे, असे त्यात पालकांना शिकविले होते. थोडा विचार केल्यास याचा अर्थ कळतो. ज्या मुलाच्या मनात भीती आलेलीच नव्हती त्यालाही या शब्दांनी कळते की, येथे घाबरण्यासारखे काहीतरी आहे. आणि आईचा कापरा आवाज उरलेले सांगून टाकतो. त्याऐवजी मास्कला ‘विमानातल्या माणसाचे तोंड’ म्हणावे, फुगा फुगविण्याचा खेळ करावा, घरच्या मांजरीची गोष्ट सांगावी. खोटे बोलू नये. मुलाने विचारलेच तर थोडक्यात खरे सांगावे. भूल देताना आईने वा बापाने जवळ असणे सर्वच मुलांस उपकारक ठरते असे नाही, असेही या क्षेत्रातील प्रयोगांचे सांगणे आहे. शांत पालक मुलास शांत करतो. घाबरलेला पालक बाहेर बसलेलाच बरा, आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ नये.

अंधाराचा सराव हा उपाय केवळ नेत्रशस्त्रक्रियेचाच म्हणता येईल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी प्रयोगात मुलांच्या डोळ्यावर शस्त्रक्रियेपूर्वीच काही काळ पट्टी बांधण्यात आली. पट्टी म्हणजे काय, ती असताना कसे वाटते, हे त्यांना जागेपणी व आईच्या मांडीवर कळले. पुढे शुद्धीवर येताना त्यांच्यात संभ्रमाचे प्रमाण कमी आढळले. या उपायास खर्च जवळजवळ शून्य आहे. आंधळी कोशिंबीर खेळलेल्या मुलास तो अवघड वाटणार नाही. मात्र पट्टी कोणत्या डोळ्यावर, किती वेळ, हे नेत्रवैद्यांस विचारूनच करावे, कारण मंददृष्टीच्या उपचारात पट्टीस स्वतःचा वेगळा अर्थ असतो.

आणि आवाज. कोरियातील वैद्यांनी २०१८ साली दोन ते आठ वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया संपल्यावर काही मुलांच्या कानांत त्यांच्या आईचा ध्वनिमुद्रित आवाज, तर काहींच्या कानांत अनोळखी स्त्रीचा आवाज ऐकविण्यात आला. आईचा आवाज ऐकत जाग्या झालेल्या मुलांत संभ्रम कमी होता. पापनाशमसारख्या गावांतून येणाऱ्या मुलांचा विचार करता याला आणखी एक पदर आहे. ज्या घरात तंजावरी मराठी बोलतात, त्या घरातील चार वर्षांच्या मुलीला ‘ऊठ गं बाळे’ या शब्दांनी जागे होण्याची सवय असते. रुग्णालयात तिच्या कानांवर पहिले शब्द पडतात ते तमिळ वा इंग्रजी. अंगणातील तमिळ तिला येते. पण अर्धवट शुद्धीत मन आधार शोधते तो घरच्या बोलीचा. सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या मुलाची, किंवा पुण्यात राजस्थानी मजुराच्या मुलाची स्थिती याहून निराळी नाही. आता जवळजवळ प्रत्येक घरात ध्वनिमुद्रण करणारा दूरध्वनी आहे. आईचे दोन मिनिटांचे बोलणे त्यात भरून परिचारिकेच्या स्वाधीन करणे कठीण नाही. मुलाचे घरातील लाडके नाव, त्याला हवीशी वाटणारी वस्तू, त्याची नेहमीची गोधडी, या गोष्टीही भूलतज्ज्ञास आधी सांगून ठेवाव्यात.

उपासाच्या वेळा पाळण्याविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. सामान्यतः घन अन्न सहा तास, आईचे दूध चार तास, आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. अलीकडे कित्येक ठिकाणी पाण्याची मुदत आणखी कमी केली आहे. अतिदक्ष पालक मात्र ‘उगीच धोका नको’ म्हणून मुलास आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब देत नाहीत. तहानेने व भुकेने कासावीस झालेले मूल आत जाते आणि तसेच बाहेर येते. वैद्याने सांगितलेली वेळ ही जशी कमीत कमी आहे, तशीच ती व्यवहारात जास्तीत जास्तही मानावी.

इतके करूनही संभ्रम आलाच, तर तो ओळखावा कसा? २००४ साली सिकिच व लर्मन यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली. तीत पाच प्रश्न आहेत. मूल काळजी घेणाऱ्याच्या डोळ्यांस डोळा भिडविते काय? त्याच्या हालचालींना काही हेतू आहे काय? भोवतालचे त्याला भान आहे काय? ते अस्वस्थ आहे काय? कशानेही त्याची समजूत पटत नाही काय? प्रत्येकास शून्य ते चार गुण. पहिल्या तीन प्रश्नांत भान जितके कमी तितके गुण अधिक. एकूण वीसपैकी दहा वा अधिक गुण झाले तर संभ्रम मानावा, असा सामान्य संकेत आहे. यात ध्यानात ठेवण्याजोगे पहिले तीन प्रश्न होत. वेदनेने रडणारे मूल आईकडे पाहते, तिच्या कुशीत शिरते, दुखणाऱ्या जागेकडे हात नेते. संभ्रमातील मूल कोणाकडेच पाहत नाही. डोळे बांधलेले असताना पहिला प्रश्न निरर्थक होतो, ही या मोजपट्टीची नेत्ररुग्णालयातील मोठी उणीव आहे. तेथे परिचारिकेने आवाजाला मिळणारा प्रतिसाद पाहून ठरवावे लागते.

अशा मुलास संभ्रम मानण्यापूर्वी भूलतज्ज्ञ आधी श्वास, प्राणवायू, रक्तातील साखर व वेदना तपासून घेतात, कारण यांपैकी कशाचाही बिघाड असाच दिसू शकतो. ते सर्व ठीक असेल तर खोलीतील दिवे मंद करावेत, माणसे कमी करावीत, एकानेच हलक्या आवाजात बोलावे. मुलाचे हात डोळ्यांपर्यंत जाऊ नयेत इतपतच धरावे. घट्ट आवळून धरल्यास झटापट वाढते. डोळ्यावर टणक कवच असेल तर ते फार मोलाचे ठरते. काही मुलांस प्रोपोफॉलची थोडी मात्रा देऊन पुन्हा झोपवावे लागते, आणि दुसऱ्यांदा ती बहुधा शांतपणे उठतात. पालकांस हे सर्व आदल्या दिवशी सांगून ठेवलेले असावे. ज्या आईला ‘तुमची मुलगी उठताना कदाचित तुम्हाला ओळखणार नाही, थोड्या वेळाने ओळखील’ असे आधी सांगितलेले असते, ती त्या वीस मिनिटांत घाबरून मुलीला गदागदा हलवीत नाही. नेत्ररुग्णालयांनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर सही घेताना हे एक वाक्य पालकांच्या भाषेत सांगावयास किती वेळ लागणार?

घरी गेल्यावरही कित्येक मुले काही दिवस रात्री दचकून उठतात, आईचा पदर सोडीत नाहीत, अंथरूण ओले करतात, जेवणाचा कंटाळा करतात. ज्यांना शुद्धीवर येताना संभ्रम झाला होता त्यांच्यात हे अधिक दिसते. बहुतेकांत दोन आठवड्यांत हे ओसरते. या काळात दिवा लावून झोपू द्यावे, डोळ्यांचे थेंब घालताना आधी बाहुलीच्या डोळ्यांत घालून दाखवावे, आणि पुढील तपासणीस जाताना त्या दिवशी भूल देणार नाहीत हे मुलाला घरूनच सांगून निघावे.